जीपमध्ये रेडिओ बसवताना

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सॅन वान पर्वतात युरे, सिल्व्हर्टन आणि टेल्युराइड या जुन्या खाणगावांना जोडणारे जे कच्चे रस्ते आहेत, त्यांवर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. रस्ता पुष्कळदा एका गाडीपुरताच असतो आणि पुढच्या वळणाआडून कोण येत आहे, हे त्या वळणावर पोहोचेपर्यंत कळत नाही. डेन्व्हर परिसरातील आम्ही काही मराठी कुटुंबे उन्हाळ्यात अशा वाटांवर आपापल्या फोर-बाय-फोर गाड्या घेऊन जातो. ताफ्यातील पहिली आणि शेवटची गाडी यांच्यात कधीकधी अर्ध्या मैलाचे अंतर पडते. मागच्या गाडीचे चाक दगडात अडकले आहे किंवा समोरून तीन गाड्या उतरत आहेत, हे एकमेकांना सांगायचे तर टू-वे रेडिओला पर्याय नाही, हे आमच्या गटातील सर्वांना पटत होते, पण तो आणायचा कोणता आणि बसवायचा कसा याची नीट माहिती कोणालाच नव्हती. ती जमवण्याची जबाबदारी मी घेतली. आमच्या जीप रँग्लरमध्ये रेडिओ बसवेपर्यंत जे वाचले, मोजले आणि तज्ज्ञांकडून समजून घेतले, ते अमेरिकेत राहणाऱ्या आणि या छंदाकडे वळू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहीत आहे.

पहिला प्रश्न कोणत्या सेवेचा रेडिओ घ्यायचा हा होता. अमेरिकेत सामान्य नागरिकाला तीन-चार वाटा मोकळ्या आहेत. सर्वांत जुनी सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी. तिचा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा १९५८ मध्ये खुला झाला आणि १९७७ पासून तिला ४० चॅनेल मिळाले. तिला आता परवाना लागत नाही. जीपवाल्यांच्या जुन्या पिढीने याच रेडिओवर सारे डोंगर पालथे घातले. मात्र एएम पद्धतीने फक्त ४ वॉटची मर्यादा, आवाजात सततची खरखर आणि सूर्यावरील डाग वाढलेल्या काळात हजार मैलांवरच्या ट्रकचालकांचे बोलणे आपल्या चॅनेलवर येऊन आदळणे, या तिच्या अडचणी आहेत. शिवाय २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर असते. अँटेनाची नैसर्गिक लांबी तिच्या पाव हिश्श्याइतकी, म्हणजे पावणेतीन मीटर. गाडीवर एवढी काठी बाळगणे कठीण, म्हणून गुंडाळी घालून आखूड केलेल्या अँटेना वापरतात आणि आखूड केले की कार्यक्षमता घटते.

दुसरी वाट एफआरएस, म्हणजे दुकानात जोडीने मिळणारे हातातले वॉकी-टॉकी. त्यांनाही परवाना लागत नाही, पण त्यांची अँटेना काढता येणार नाही अशीच बनवावी लागते आणि शक्ती जास्तीत जास्त २ वॉट असते. गाडीच्या धातूच्या पेटीत बसून असा रेडिओ वापरला की निम्मी ताकद आतच विरते. तिसरी वाट जीएमआरएस, म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सेवा. ही ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर एफएम पद्धतीने चालते, काही चॅनेलवर ५० वॉटपर्यंतची मुभा देते आणि गाडीबाहेर अँटेना लावू देते. तिला परवाना लागतो, परीक्षा मात्र नसते. चौथी वाट हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची. तिच्यासाठी प्रत्येक चालकाला ३५ प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते आणि त्यांपैकी २६ बरोबर यावे लागतात. ही परीक्षा अवघड नाही, पण ताफ्यातील प्रत्येक गाडीच्या चालकाने आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याने ती द्यावी, ही अपेक्षा आमच्यासारख्या गटात पुरी होणारी नव्हती.

जीएमआरएसच्या बाजूने कौल पडला, त्याला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एक म्हणजे २०१७ च्या नियमबदलानंतर एफआरएस आणि जीएमआरएस यांचे २२ चॅनेल सामाईक झाले आहेत. ऐनवेळी ताफ्यात सामील होणाऱ्या पाहुण्यांच्या हाती साधा वॉकी-टॉकी दिला तरी तो आमच्या गाडीतल्या रेडिओशी बोलू शकतो. दुसरी गोष्ट परवान्याच्या कुटुंबविषयक तरतुदीची. एका व्यक्तीने परवाना काढला की जोडीदार, मुले, नातवंडे, आईवडील, आजीआजोबा, भावंडे, काका-मामा, मावशी-आत्या, भाचे-पुतणे आणि सासरची माणसे, अशा सर्वांना तो लागू होतो. आपल्याकडच्या कुटुंबाच्या कल्पनेला इतका साजेसा सरकारी नियम मला या देशात दुसरा आढळलेला नाही.

परवान्याबद्दल आपल्या लोकांमध्ये एक भीती दिसते, ती अशी की एच-१बी व्हिसावर असताना रेडिओचा परवाना मागणे धोक्याचे ठरेल किंवा तो मिळणारच नाही. नियमांत नागरिकत्वाची अट नाही. अर्जदार १८ वर्षांचा असावा आणि परकीय सरकारचा प्रतिनिधी नसावा, एवढेच अपेक्षित आहे. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या संकेतस्थळावर आधी स्वतःचे खाते उघडून एफआरएन नावाचा दहा अंकी नोंदणी क्रमांक घ्यायचा, मग परवान्यांच्या विभागात जाऊन नवा अर्ज भरायचा. तिथे सेवांच्या लांबलचक यादीतून ‘झेडए’ हे संक्षिप्त नाव असलेली जनरल मोबाइल रेडिओ सेवा निवडावी लागते आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो, कारण बाकीची यादी जहाजे, विमाने आणि व्यावसायिक सेवांची असते. शुल्क ३५ डॉलर आहे. एप्रिल २०२२ पूर्वी ते ७० डॉलर होते. परवाना दहा वर्षे चालतो. शुल्क अर्जानंतर दहा दिवसांत भरले नाही तर अर्ज रद्द होतो. मला परवाना ई-मेलने फार लवकर मिळाला आणि त्यासोबत चार अक्षरे व तीन अंक मिळून झालेली कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर सांगायची आपली ओळख, हीही आली. मात्र आपले नाव आणि टपालाचा पत्ता सरकारी यादीत कोणालाही पाहता येतो. ज्यांना घरचा पत्ता उघड करायचा नाही, त्यांनी अर्जाआधीच टपालपेटीची सोय करावी.

आता रेडिओकडे वळते. दुकानात आणि जाहिरातींत सगळे बोलणे वॉटचे आणि मैलांचे चालते. खोक्यावर छापलेले पन्नास मैल हे एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर, मध्ये कसलाही अडथळा नसताना मिळू शकणारे अंतर असते. ४६२ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. दोन गाड्यांच्या अँटेना जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील, तर अगदी सपाट मैदानातही क्षितिजाच्या मर्यादेमुळे त्यांच्यातील अंतर सुमारे १० किलोमीटरच्या पुढे फारसे जात नाही. डोंगरात तर मधली एक सोंड आडवी आली की संभाषण तुटते. जमिनीलगत लहरीची ताकद अंतरागणिक फार वेगाने घटते, म्हणून १५ वॉटच्या जागी ५० वॉटचा रेडिओ घेतला, म्हणजे शक्ती तिपटीहून अधिक वाढवली, तरी पल्ला फार तर एक-तृतीयांशाने वाढतो. हे गणित मांडून पाहिल्यावर पैसे कुठे खर्चायचे याबद्दलचे माझे मत पक्के झाले. रेडिओ मध्यम शक्तीचा चालेल, पण अँटेना, तिची केबल आणि तिची जागा यांत कसूर नको.

आम्ही मिडलँड कंपनीचा एमएक्सटी २७५ हा १५ वॉटचा रेडिओ निवडला. त्याची सगळी बटणे आणि पडदा हातातल्या माइकवरच असतात आणि मुख्य पेटी कुठेही लपवता येते. रँग्लरचे छत आणि दरवाजे काढून फिरणाऱ्यांना याचे महत्त्व चटकन कळेल, कारण धूळ, अचानक आलेला पाऊस आणि गावात गाडी उभी असताना होणारी चोरी, या तिन्हींपासून सीटखाली असलेली पेटी बऱ्यापैकी सुरक्षित राहते. ज्यांच्या गाडीचे डॅशबोर्ड मोठे आहे आणि ज्यांना उटाहच्या मोकळ्या वाळवंटात दूरवर पांगून गाडी चालवायची आहे, त्यांनी ५० वॉटचा विचार जरूर करावा.

या संचासोबत चुंबकाच्या पायाची छोटी अँटेना मिळते. बहुतेक गाड्यांच्या छतावर मधोमध ती ठेवली की काम झाले, आणि खरे सांगायचे तर त्याहून चांगली जागा दुसरी नाही. आमच्या गटातील टोयोटा फोर-रनरवर आम्ही तेच केले. रँग्लरची गोष्ट वेगळी आहे. २०१८ पासूनच्या जेएल पिढीत बॉनेट आणि दरवाजे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, मागच्या दाराच्या सांगाड्यात मॅग्नेशियम आहे आणि छत फायबरचे किंवा कापडाचे असते. चुंबक चिकटेल असा पत्रा सोयीच्या जागी नाही आणि छताखाली धातूच नाही. चुंबकाचा प्रश्न ब्रॅकेटने सुटतो. धातू नसण्याचा प्रश्न मात्र समजून घ्यावा लागतो.

गाडीवरची साधी अँटेना म्हणजे तरंगलांबीच्या पाव हिश्श्याची एक उभी काडी. ४६२ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ६५ सेंटिमीटर येते, म्हणून काडी साधारण १६ सेंटिमीटरची. पण ती काडी अँटेनाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग तिच्या पायाखालचा धातूचा पत्रा पुरवतो. त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. पायाभोवती चहूकडे निदान एक पाव-तरंगलांबी इतका धातू असावा, म्हणजे लहर सर्व दिशांना सारखी पसरते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नसले तरी विजेचे ते उत्तम वाहक आहे, त्यामुळे बॉनेट ग्राउंड प्लेन म्हणून निश्चित चालते. अँटेना बॉनेटच्या कडेला बसवली तर मात्र धातू एकाच बाजूला राहतो आणि लहर त्या बाजूला थोडी अधिक झुकते. काचेजवळच्या डाव्या कोपऱ्यात बसवलेली आमची अँटेना गाडीच्या पुढे उजवीकडे जास्त चांगली ऐकते आणि मागे डावीकडे किंचित कमी. ताफ्याच्या अंतरावर हा फरक जाणवत नाही. स्टेपनीच्या टेकूवर अँटेना लावणाऱ्यांनी, तिथे पुरेसा सपाट धातू नसल्यामुळे, ग्राउंड प्लेनशिवाय चालणारी अर्ध-तरंगलांबीची अँटेना घ्यावी, हा सल्ला मला एका अनुभवी हॅम चालकाने दिला आणि नंतर दुसऱ्या एका रँग्लरवर तो तंतोतंत खरा ठरला.

अँटेनाच्या वर्णनात ‘३ डीबी’, ‘६ डीबी’ असे डेसिबलचे आकडे लिहिलेले असतात आणि आकडा मोठा तितकी अँटेना चांगली, असे आपण धरून चालतो. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. ती वर-खाली जाणारी लहर दाबून आडव्या दिशेला वळवते, एवढेच. सपाट प्रदेशात याचा सरळ फायदा होतो. पण घाटात ताफ्यातील एक गाडी दुसरीच्या डोक्यावर दोन वळणे चढून गेलेली असते आणि उतारावर उभ्या असलेल्या गाडीची अँटेनाही तिच्याबरोबर कललेली असते. अशा वेळी आडव्या दिशेला फार दाबलेली लहर नेमकी हवी तिथे पोहोचत नाही. सॅन वानसाठी म्हणूनच मी पाव-तरंगलांबीची आखूड काडी ठेवली आहे. फांद्यांना ती अडकत नाही, हा आणखी एक लाभ. उटाहमधील मोआबच्या बाजूला जाताना तिच्या जागी लांब अँटेना फिरवून बसवता येते, कारण बूड एनएमओ या प्रमाणित पद्धतीचे घेतले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एनएमओचाच आग्रह धरावा. पुढे रेडिओ बदलला, हॅमचा परवाना घेतला, तरी ब्रॅकेट आणि केबल तीच राहते.

केबलबद्दल थोडक्यात. या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ जातीच्या साध्या केबलमध्ये पाच मीटर अंतरात चौथा ते तिसरा हिस्सा शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून केबल लागेल तेवढीच ठेवावी, तिला दाराच्या फटीत चिरडू देऊ नये आणि तीव्र कोनात वाकवू नये. इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, कारखान्यातूनच रबरी बूच असलेली भोके असतात. त्यांपैकी एकातून केबल आणि तारा आत घेतल्या की नवे भोक पाडावे लागत नाही.

विजेची जोडणी स्वतः करण्याआधी मी गाडीच्या विजेचे काम करणाऱ्या एका मेकॅनिकबरोबर बसून आराखडा काढला. १५ वॉटचा रेडिओ सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो, पण खडकांवर गाडी हादरू लागली की तो प्लग निसटतो आणि नेमका तेव्हाच संपर्क हवा असतो. ५० वॉटचा रेडिओ बोलताना दहा अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकतो, त्यामुळे त्याला सॉकेट चालणारच नाही. आम्ही धन तार थेट बॅटरीपासून आणली आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला. फ्यूज जवळ असण्याचे कारण असे की पुढे कुठे तार घासून उघडी पडली आणि चॅसीला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा भागच तेवढा असंरक्षित राहतो. ऋण तार मात्र बॅटरीच्या खांबाला जोडली नाही. आजच्या गाड्यांत तिथे प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वळसा घालून जोडणी केली तर गाडीच्या संगणकाला बॅटरीची अवस्था चुकीची दिसते. ती तार चॅसीवरच्या ठरलेल्या ग्राउंड बिंदूवर कसली. एलईडीच्या स्वस्त दिवेपट्ट्या रेडिओत आवाज घालतात असे ऐकले होते. आमच्या एका गाडीत दिवे लावताच दूरचे स्टेशन गडप होत असे आणि तारा दिवेपट्टीपासून दूर नेल्यावर फरक पडला.

सर्व बसवून झाल्यावर बोलण्याची घाई न करता एसडब्ल्यूआर मोजणे, हा या संपूर्ण कामाचा गाभा आहे. रेडिओने पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर न पडता किती प्रमाणात परत फिरते, हे त्या आकड्यावरून कळते. १.५ असेल तर सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर पूर्ण पाव हिस्सा. ही परतलेली शक्ती रेडिओच्या शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर तापवते. मीटर घेताना तो ४६२ मेगाहर्ट्झला चालणारा आहे ना, हे पाहावे. सीबीसाठी विकले जाणारे स्वस्त मीटर इथे निरुपयोगी असतात. स्थानिक हॅम क्लबमधील एका गृहस्थांनी आपला मीटर घेऊन आमच्या अंगणात येण्याची तयारी दाखवली. पहिला आकडा ३ च्या जवळ आला. त्यांनी अँटेनाला हात न लावता ब्रॅकेटचे बोल्ट सोडवायला सांगितले. ब्रॅकेटवर आणि गाडीच्या पत्र्यावर जाड रंग होता, त्यामुळे अँटेनाचा पाया बॉनेटशी विजेने जोडलेलाच नव्हता. बोल्टखालचा रुपयाएवढा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आणि वर गंज न चढण्यासाठी ग्रीस लावून पुन्हा कसल्यावर तोच आकडा १.३ वर आला. बॉनेट उघडबंद होणारे असल्यामुळे त्याला चॅसीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टीही लावली. अँटेना वाईट आहे म्हणून लोक ती बदलत राहतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा या रंगात असतो, असे ते गृहस्थ म्हणाले, आणि नंतर ताफ्यातील इतर गाड्यांवर काम करताना मलाही तसेच दिसले.

चॅनेल ठरवताना एवढे लक्षात ठेवावे. १ ते ७ वर ५ वॉट, १५ ते २२ वर ५० वॉट आणि मधले ८ ते १४ फक्त हातातल्या अर्ध्या वॉटच्या रेडिओंसाठी. अनेक ऑफ-रोड गट १६ वापरतात. आम्ही एक मुख्य आणि एक पर्यायी चॅनेल निघण्यापूर्वीच ठरवतो. प्रायव्हसी कोड या नावाने विकली जाणारी सोय नीट समजून घ्यावी. तिच्यामुळे आपले बोलणे खासगी होत नाही, चॅनेलवर असलेला कोणीही ते ऐकू शकतो. कोड म्हणजे आवाजाबरोबर जाणारा ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा एक मंद स्वर, आणि तो नसलेले बोलणे आपला रेडिओ आपल्याला ऐकू देत नाही, इतकाच त्याचा अर्थ. निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंवर कोडचा एकच क्रमांक वेगवेगळ्या स्वरांसाठी असू शकतो, म्हणून क्रमांक जुळवण्यापेक्षा हर्ट्झचा आकडा जुळवावा. पाहुणे बरोबर असतील तर कोड सरळ बंद ठेवणे उत्तम.

बोलण्याची शिस्त आम्ही पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांतून शिकलो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘थांबू नका’ मधला ‘थांबू’ पोहोचला नाही, तर काय होईल ते सांगायला नको. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले, मग निरोप, आणि निरोप ऐकणाऱ्याने तो थोडक्यात परत म्हणायचा. खडकांवर गाडीसमोर उभे राहून मार्गदर्शन करणाऱ्याचे डावे चालकाचे उजवे असते, म्हणून डावे-उजवे हे शब्द आम्ही वर्ज्य केले आहेत. स्टिअरिंग ‘चालकाकडे’ किंवा ‘प्रवाशाकडे’ फिरवा, असेच सांगायचे. एका वेळी फक्त एकाच माणसाने सूचना द्यायच्या. अँटेनाच्या शेजारी कोणी बॉनेटला टेकून उभे असेल, तर तो बाजूला होईपर्यंत बटण दाबायचे नाही. संभाषण मराठीत करायला नियमांची आडकाठी नाही. कॉलसाइन मात्र संभाषणाच्या शेवटी, आणि ते लांबले तर दर पंधरा मिनिटांनी, इंग्रजीत सांगावी लागते. ती जबाबदारी आमच्याकडे मुलांनी आपणहून घेतली आहे आणि ती घड्याळ लावून पाळतात.

जुलैमध्ये बर्फ हटल्यावर युरेहून टेल्युराइडकडे इमोजीन खिंडीने गेलो, तेव्हा या सगळ्याचा खरा उपयोग झाला. खिंड १३,११४ फुटांवर, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर आहे. कॅम्प बर्ड खाणीच्या बाजूने चढताना रस्त्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. अशा वाटेवर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला धरतात, पण उतरणाऱ्याला मागे सरकायला जागाच नसेल तर हक्क सांगून उपयोग नसतो. आघाडीच्या गाडीने ‘समोरून दोन जीप, पांढऱ्या खडकाजवळ रुंद जागा आहे, तिथेच थांबा’ असे सांगितले की मागच्या सर्व गाड्या योग्य ठिकाणी आधीच बाजूला झालेल्या असत. उतरणाऱ्या चालकाला आम्ही आमच्या गाड्यांची संख्या सांगत होतो आणि शेवटची गाडी ‘मीच शेवटची’ असे रेडिओवर कळवत होती. चढणीवर एका गाडीचे इंजिन तापू लागले, तेव्हा ती थांबल्याचे पुढच्यांना लगेच कळले आणि कोणालाही पायी धावत जावे लागले नाही. त्या उंचीवर विरळ हवेत शंभर पावले चढणेही दम काढणारे असते.

माथा ओलांडताच काय होते, तेही तिथे पाहायला मिळाले. आघाडीची गाडी टॉमबॉय या ओस पडलेल्या खाणवस्तीच्या बाजूला उतरू लागली, तसा तिचा आवाज युरेच्या बाजूला असलेल्या मागच्या गाड्यांना येईनासा झाला. दोघींमध्ये अख्खा डोंगर होता आणि ५० वॉटनेही त्यात फरक पडला नसता. आम्ही मधली एक गाडी खिंडीच्या माथ्यावर थांबवली. तिला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या आणि ती एकीकडचे निरोप दुसरीकडे देत राहिली. सगळ्या गाड्या माथ्यावरून पलीकडे उतरल्यावरच ती शेवटी निघाली. डोंगरमाथ्यावर उभारलेले रिपीटर हेच काम यंत्राने करतात. ४६७ मेगाहर्ट्झवर ऐकलेले ते ५ मेगाहर्ट्झ खालच्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करतात. पण असे रिपीटर खासगी मालकीचे असतात, वापरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक दरीत ते ऐकू येतील असे गृहीत धरू नये. संकटकाळी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आम्ही वेगळे बाळगतो. रेडिओ ताफ्यापुरता आहे, बचावपथकाला बोलावण्यासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

हे वाचून पुण्या-मुंबईकडच्या थार किंवा जिम्नीवाल्या भाचे-पुतण्यांसाठी अमेरिकेतून असे रेडिओ बॅगेत घालून नेण्याचा विचार कोणाच्या मनात येईल, त्यांनी तो सोडून द्यावा. जीएमआरएस ही अमेरिकेची सेवा आहे. ४६२-४६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना वापरासाठी खुला नाही आणि सह्याद्रीत ते बटण दाबणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. भारतात विनापरवाना चालणारे कमी शक्तीचे वॉकी-टॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर असतात आणि त्या उपकरणाला सरकारची ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) मान्यता असावी लागते. अशी माहिती न देता ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये विक्री संकेतस्थळांना नोटिसा दिल्या होत्या, तेव्हा खरेदी करतानाही फ्रिक्वेन्सी आणि मान्यता तपासूनच घ्यावी. त्याहून मोठा पल्ला हवा असेल तर हॅमचा परवाना हा रीतसर मार्ग आहे. त्याची परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा घेते, त्यात रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीची, चाचणी नसते. भारतात हॅमसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि गाडीवरच्या संपर्कासाठी तो फार सोयीचा आहे. तिथली पाव-तरंगलांबी सुमारे अर्धा मीटर येते. माझ्या भाच्याने आपल्या गाडीसाठी त्याच मापाची अँटेना आणि एनएमओचे बूड निवडून ठेवले आहे. परवाना हाती येईपर्यंत त्याचा गट ४४६ वरचे मान्यताप्राप्त वॉकी-टॉकीच वापरणार आहे.